सुनेचा रंग उजळला नव्हता

माझी बहीण यमू, वय तेरा, सासर कल्याण, हिच्यावर गेल्या आषाढी एकादशीस अन्याय झाला. त्या दिवशी तिला चातुर्मासाचा नेम धरायला लावला. एकवेळ जेवण, तेही अळणी, पालेभाजी वर्ज्य. कशासाठी? नवऱ्यास आयुष्य लाभावे म्हणून. नवरा, आमचे विनायकराव, चांगले धडधाकट. शाळेतून आले की खोबऱ्याच्या वड्या खातात.

गोकुळाष्टमीस मी भेटायला गेलो. यमू विहिरीच्या काठाला धरून उभी होती, धाप लागलेली. पदरात चुलीची माती. चोरून खाते म्हणाली. आणि सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या घरचं पाणी मानवलं हो! सून कशी केतकीसारखी निघाली!"

मी भांडून तिला आगगाडीने ठाण्यास आणले. सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर दिवा गावची एक आगरीण मुलीला टेकवून बसली होती. "माजी पोर पन अशीच पांढरी परली," ती म्हणाली. "भावांचा जेवून झाला का मंग हिला. उरल ती पेज." तिच्या घरी नेम नव्हता, उपास मात्र तोच.

डॉक्टरांनी दोघी मुलींच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. यमूची आतून कोऱ्या कागदासारखी. "याला इंग्रजीत अनीमिया म्हणतात. म्हणजे रक्त पातळ, फिके पडणे. मुलगी वयात येते तेव्हा रक्त जास्त लागते, आणि तुम्ही नेमके तेव्हाच तिचे ताट काढून घेता! ही गोरी झालेली नाही. संपत चालली आहे."

"वाचेल?" मी विचारले.

"औषध मी देतो. जेवू घालणे तुमच्या हाती."

औषध लोहाचे, टिंक्चर म्हणजे अर्क. त्याने दात काळे पडतात, म्हणून पपईच्या देठाच्या नळीने ओढायचे. यमूला त्याची मोठी गंमत.

यमूला कल्याणला परत पोचवले, तेव्हा सासूबाई अडल्या त्या जेवणावर. "औषध घेऊ दे. पण नेम मोडला नि माझ्या विनूला काही झालं तर?" त्यांचे दोन मुलगे आधी गेलेले, भीती खोटी नव्हती. मी चिडून त्यांच्या उपाध्यायांना गाठले. ते हसले. "मोडायचा कशाला? आजाऱ्याचं व्रत प्रतिनिधीनं पुरं करावं, शास्त्र आहे. पतीनं केलं तर उत्तमच!"

विनायकराव अळणी भातावर बसले. आठवडा सरतो न सरतो तोच डोके धरून म्हणतात, "दादा, चक्कर येते हो."

"आणि तुम्हांला पाणी ओढावं लागत नाही, विनायकराव!"

पण पोराने नेम सोडला नाही, कार्तिकीपर्यंत निभावला. यमूच्या पानात सासूबाई स्वतः माठाची भाजी, आमटी, गूळ वाढू लागल्या.

दिवाळीत यमू न थांबता माडीवर चढली. त्या आगरणीची पोरही दवाखान्यात भेटली, आईच्या पुढे पळत होती. परवा सासूबाई यमूकडे पाहून सुस्कारा टाकून म्हणाल्या, "सावळीच हो शेवटी!" मला तर नाचावेसे वाटले.

वाचणाऱ्या गृहस्थांनो, तुमच्याही घरात एवढी मुलगी असेल. ही चोपडी खाली ठेवा, आत जा, आज तिचे पान आपल्या पानाशेजारी मांडायला सांगा, आणि ती पोटभर जेवेपर्यंत उठू नका.