कुरडयांच्या रांगेतला सेन्सर

हिंगणीला आमचं घर टिनाचं. आई-बाबा दोघंही दुसऱ्यांच्या वावरात रोजीनं जायचे. निंदणाला वाकून वाकून आईची मान करपली होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यात मांस वाढत होतं. डॉक्टरीणबाईंनी उन्हाचा चष्मा वापरायला सांगितला. चष्मा घालून निंदायला कोण जातं, म्हणून आई हसली.

म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी अतिनील किरणं निवडली. ऊन दिसतं, त्यातलं कातडी जाळणारं दिसत नाही. ते सेन्सर पकडतो. प्रकल्पाच्या सरांची अट एकच होती. सलग तीस दिवसांची नोंद हवी, मधे खंड चालणार नाही.

बोरगाव मेघेत माझी भाड्याची खोली होती. एप्रिलात खोलीतल्या मैत्रिणी आपापल्या गावी गेल्या. कॉलेजचा सेन्सर मी डबीत बसवून छतावर टाकीजवळ ठेवला; आकडे आपोआप त्यातल्या मेमरी कार्डात साठायचे. दिवसा शिकवण्या घ्यायची. संध्याकाळी कुलरसमोर बसून एकटी जेवायची. कधी कधी दिवसभरात शिकवणीपलीकडे कुणाशी शब्द झालेला नसायचा. माझे तीस दिवस भरेपर्यंत आईनं धाकट्या बहिणीचा साखरपुडा पुढे ढकलला होता.

सव्विसाव्या दिवशी कार्ड उघडलं. गेल्या चार दिवसांचे आकडे भर दुपारी एकदम खाली आलेले. वर ढगाचा तुकडा नव्हता. सेन्सर जळाला, असंच धरून चालले. दुसऱ्या दिवशी शिकवणी बुडवून बाराला छतावर गेले. घरमालकीण काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या, वरून पांढरं धोतर, कडेला विटा. धोतराखाली, कुरडयांच्या रांगेत, माझी डबी.

"कावळे चोच मारून राह्यले होते तिले," काकू म्हणाल्या, "म्हनून आत घेतली. सांजच्याले ठेवतो ना परत जागेवर."

डबी काढून मी परत टाकीजवळ ठेवली. माझी वस्तू जपायची म्हणूनच त्यांनी ते केलं होतं.

एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, चार दिवसांचे आकडे अंदाजानं भर, कोण बघतंय. त्या संध्याकाळी वही उघडून मी खरंच पेन हातात घेतलं होतं. मग ठेवलं. खोटे आकडे लिहून शिकायचं असतं तर गाव सोडायची गरज नव्हती. पण पहिल्यापासून मोजायचं, तेही रोज दुपारी छतावर डबी राखत, म्हणजे साखरपुडा हुकणार होता. मुलाकडचे आणखी थांबणार नव्हते.

आईला फोनवर सांगितलं.

"ऊन काय मोजून राह्यली व तू, अंगाले लागते तं कळते," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे. पुरं करूनच येजो."

साखरपुड्याच्या दुपारी मी छतावर टाकीच्या सावलीत बसले होते. व्हिडिओ कॉल दोनदा तुटला. तिसऱ्यांदा मी लावला नाही.

तीस दिवस सलग भरले. एकही आकडा मनाचा नव्हता. प्रकल्प मंजूर झाला आणि मी एम.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.