तीर्थपुरीची वीस मिनिटं

नीला पाठक नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या मुख्य कचेरीत कामाला लागली, तेव्हा तिचं काम नेमकं काय हे घरच्यांनाही सांगता येत नसे. ‘कंप्युटरचं काहीतरी’ एवढ्यावर वडील पाहुण्यांची बोळवण करायचे. गावोगावच्या शाखा फोनच्या तारांवरून जालन्याला जोडणारी राउटर नावाची डबडी तिच्या ताब्यात होती, आणि ती तिनं डोळ्यांत तेल घालून सांभाळली.

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. वीज येण्यापेक्षा जाण्यातच पटाईत होती. राउटर बंद पडलं की बाकी सगळं ध्यानात ठेवायचं, वेळ तेवढी विसरायचं. चालू झालं की खुशाल एकोणीसशे त्र्याण्णव साल सांगायचं. म्हणून नीलानं शाखाशाखांतून फोन करून लोकांना शिकवलं : सकाळी राउटर लावलं किंवा वीज जाऊन आली, की समोरच्या घड्याळात बघून वेळ टाकायची. कोणी कंटाळा केला तर ती पुन्हा फोन करी. पोरगी गोड बोलायची, पण पिच्छा सोडायची नाही.

प्रत्येक राउटर शाखा उघडल्या-मिटल्याची नोंद आपल्या वेळेसह जालन्याला धाडी, आणि जालन्याचा संगणक ती कधी पोचली तेही शेजारी लिही. या दोन वेळांनीच धर्मराजचा घात केला.

धर्मराज तीर्थपुरीच्या शाखेचा प्रमुख. शेतकरी घरातला, अबोल माणूस. त्याच्या राउटरची नोंद रोज सांगे, सहाला बंद केलं. जालन्यात ती वीस मिनिटं आधीच पोचलेली असे. शाखांवर देखरेख ठेवणाऱ्या मार्तंडरावांनी हे पाहिलं आणि त्यांचं डोकं भडकलं. लवकर दुकान मिटायचं आणि यंत्रात खोटी वेळ घालायची! शहानिशा नाही, काही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. शाखेच्या फोनच्या स्पीकरवर, गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांनी धर्मराजला खोटारडा म्हटलं आणि सोमवारी जालन्याला बोलावलं. नोकरी जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नीलाला जेवण गोड लागेना. नोंदी तिच्याच यंत्रांच्या होत्या, आणि यंत्र खोटं बोलत नाही असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत आली होती. ती पुन्हा नोंदी घेऊन बसली. संध्याकाळच्या सगळ्यांनी वाचल्या होत्या, सकाळच्या कोणीच नाही. सकाळीही तीच वीस मिनिटं! दहाला उघडलं म्हणणारी तीर्थपुरी जालन्याच्या वेळेनं दहाच्या बरीच आधी उघडत होती. संध्याकाळी वेळ चोरणारा माणूस सकाळी ती परत कशाला देईल?

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं तीर्थपुरीला गेली. शाखेत शिरताच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मनगटाकडे.

“धर्मराज, हे घड्याळ पुढं आहे!”

“पुढंच असतंय मॅडम. बराबर ठेवलं तं एसटी हुकती.” धर्मराजला यात नवल वाटलं नाही. “समद्या बाजारात असंच हाय. तुमीच म्हणल्या, समोरच्या घड्याळात बघून टाका. मी बघून टाकत राह्यलो.”

“मग साहेबांना सांगितलं का नाही?”

“त्यांनी खोटारडा म्हणलं, मंग काय सांगू?” तो खाली बघून म्हणाला. “घरी बायकोला, उषाला बी सांगितलं न्हाई.”

नीलाला स्वतःचा राग आला, आणि मार्तंडरावांचा त्याहून जास्त.

सोमवारी मार्तंडरावांच्या केबिनमध्ये, धर्मराजच्या शेजारी बसून, तिनं सकाळच्या नोंदी टेबलावर ठेवल्या. “चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, साहेब. घड्याळ बघून वेळ टाका असं मीच सांगितलं. कोणतं घड्याळ, ते सांगायचं राहिलं. चूक माझी आहे. आजपासून जालन्याचं राउटर इंटरनेटवरून खरी वेळ घेईल आणि शाखांची राउटरं ती जालन्याला विचारून लावतील. माणसाच्या हातात हे काम ठेवायचंच नाही.”

मार्तंडरावांनी कागद उलटसुलट केले. “बरं, ठेवू कामावर. जा रे, या वेळी माफ केलं.”

धर्मराज उठला नाही. नीलाही उठली नाही.

“माफी कसली, साहेब?” ती म्हणाली. “त्यानं केलंय काय?”

तिची नोकरी नवीनच होती, हे विसरू नका. मार्तंडराव हातातले कागद खाली ठेवून म्हणाले, “चुकलं माझं, धर्मराज.”

“हितं नका म्हणू साहेब,” धर्मराज पहिल्यांदा मान वर करून बोलला. “हितं कोण ऐकतंय? तिथं लोकांनी ऐकलंय.”

मार्तंडराव तापट होते, पण कोत्या मनाचे नव्हते. बाजाराच्या दिवशी ते जीपनं तीर्थपुरीला गेले, नीलाला बरोबर घेऊन. दुकान माणसांनी भरलं होतं. काउंटरला हात टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “या माणसाला मी खोटारडा म्हणालो होतो. तो खोटं बोलला नव्हता.”

गर्दीत कोपऱ्यात उषाबाई उभ्या होत्या. एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. धर्मराजनं आपली खुर्ची साहेबांपुढं सरकवली आणि तीन चहा सांगितले.