माझ्या फोनातलं बसुआप्पाचं सर्टिफिकेट

"ताई, हे गेले वो…" उदगीरहून बसुआप्पाच्या बायकोचा, महादेवीचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या ऑफिसात होते. आमचा बसुआप्पा, चाळिशी न गाठलेला, छातीत कळ आली काय आणि लिंगैक्य झाला काय! दीड महिना झाला, माझं डोकं अजून ते मानायला तयार नाही.

आमच्या रक्तपेढीच्या ॲपची तपासणी त्याच्याकडं होती. कुठल्या गटाचं रक्त आहे, कुठलं नाही, हे गावाकडच्या माणसाला घरबसल्या कळावं, एवढंच ॲपचं काम. उद्घाटनाच्या सकाळी पाहुणे बसलेले, शिरा झालेला, नारळ पाटावर. आणि हा बाबा म्हणतो, "ताई, नारळ थांबवा. माझं बघणं चालू हाय."

मी भडकले. "आप्पा, मुहूर्त टळून राहिला की!"

त्यानं लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. झालं, माझा फोन आणि सर्व्हर यांच्या मध्ये त्याचं प्रॉक्सी, म्हणजे दोघांचे निरोप उघडून पुढं देणारा मधला मध्यस्थ, जाऊन बसलं. त्यांचं कुलूपबंद बोलणं वाचता यावं म्हणून माझ्या फोनात त्यानं स्वतःचं सर्टिफिकेट, 'ह्याच्यावर भरवसा ठेव' असं फोनला सांगणारं, आधीच घातलं होतं. फोननं काय विचारलं, सर्व्हरनं काय सांगितलं, सगळं झरझर खाली उतरू लागलं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं… मी बघतच राहिले. सर्व्हर म्हणाला, दोन पिशव्या. आप्पानं ते उत्तर वाटेतच धरलं, दोनचं शून्य केलं आणि पुढं सोडून दिलं. माझ्या फोनवर मात्र दोनच! शून्य आलं की ॲप गुपचूप जुना आकडा दाखवत होतं.

"इस्लापूरचा माणूस ह्या दोनच्या भरवशावर नांदेडला येईल," तो म्हणाला, "अन् इथं काय मिळंल त्याला?"

खोटं पाजून खरं ओकून घेतलं पठ्ठ्यानं!

दुरुस्ती झाल्यावर नारळ त्याच्याच हातून फोडून घेतला. पुढं खरंच इस्लापूरहून एकाचा फोन आला. "रक्त न्हाई असं दिसलं, म्हणून सरळ दुसरीकडं गेलो. बायको वाचली, मॅडम." मी धावतपळत आप्पाला सांगितलं, तर म्हणतो, "लई बरं झालं. ते सर्टिफिकेट काढलं का?"

भेटला की हेच. "काम झालं की काढायचं, ताई. कुणावर कायमचा भरवसा ठेवायचा न्हाई. माझ्यावर बी न्हाई." मी आपली "हाव, हाव" म्हणायचे.

काल फोनच्या सेटिंगमध्ये शोधलं. 'विश्वासार्ह' म्हणून त्याचं नाव अजून आहे. काढायचं बटण दाबलं. नक्की काढायचं का, असं फोननं विचारलं…

नाही म्हटलं मी. आप्पा, रागव हवं तर.