भावाने न टाकलेली उत्तरं

वसंता गेला, हे भाच्याने फोनवर सांगितलं. मी अकोल्याच्या घरात अंबाडीची भाजी निवडत होते. ती निवडून झाली, मगच उठले. पुढचे आठ-पंधरा दिवस पेपरात त्याच्यावर रकाने भरून आले. संगणकशास्त्रज्ञ, यंत्राला उत्क्रांती शिकवणारा माणूस... सगळं खरं आहे. मी त्याची मोठी बहीण, शाळा चौथीपर्यंत. पेपरात आलं नाही तेवढंच लिहिते.

आमचं गाव तिवशाजवळ. शाळेत दोघंही हुशार, गणितात मी त्याच्याहून सरस. वडील म्हणाले, घरात एकजण शिकला तरी पुष्कळ झालं. तो अमरावतीला बोर्डिंगात गेला, मी लग्न होऊन अकोल्याला. वडील बियाणंही असंच ठेवायचे. पहिल्या वेचणीतली टपोरी बोंडं पेरायच्या सरकीसाठी बाजूला, बाकीचा कापूस जिनिंगच्या कारखान्यात.

साठच्या दशकात वसंता मुंबईला एका संस्थेत यंत्रावर काम करायचा. एका दिवाळीत माझ्याकडे आला तो भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन. मी म्हटलं, "हे काय रे? सिनेमाची तिकिटं विकून राहिला काय?"

"हात नको लावू ताई, क्रम बिघडते."

मग त्याने सांगितलं. एसटीच्या गाड्या कोणत्या गावावरून न्याव्यात, याची यंत्राने पुष्कळ उत्तरं काढायची, कशीही. त्यातली बरी ठेवायची, एकमेकांत मिसळायची, त्यांच्यातून निघालेली पुन्हा तपासायची, असं पिढ्यान्‌पिढ्या. संस्थेतल्या त्याच्या साहेबाला हा जुगार वाटायचा. काम बंद करायची धमकी दिली होती त्याने. आणि वसंताने चूक केली ती आमच्या घरातलीच. नुसती टपोरी उत्तरं ठेवली. थोड्याच पिढ्यांत सगळी उत्तरं एकसारखी झाली आणि गाडं अडलं.

"मंग?"

"मंग कमजोर बी थोडी ठेवली. त्याइच्यात असं काही असते ताई, जे पुढं कामी येते. टाकून देलं की गेलंच ते."

"हे बाबाले सांगतलं काय कधी?"

तो कार्डं बांधायला लागला. साहेबाचं तोंड मात्र त्या कामाने बंद झालं. वसंताचं नाव झालं, परदेशी जाऊन आला, मग अमरावतीला कॉलेजात मोठ्या जागेवर बसला.

त्याची मुलगी शोभा चांगल्या मार्कांनी मॅट्रिक झाली. पोरीला सायन्सला जायचं होतं. घरात कोणी ऐकेना, म्हणून तिने मला बोलावून घेतलं. मी अमरावतीला गेले.

"वसंता, शोभाले कॉलेजात टाक."

"पोराचं इंजिनिअरिंग सुरू आहे, ताई. आन् तिले स्थळ चांगलं आलं."

"कमजोर बी ठेवा लागते म्हणे ना तू? आन् हे तं कमजोर बी नाही."

तो चष्मा पुसत म्हणाला, "ते यंत्राचं होतं, ताई."

त्याच उन्हाळ्यात शोभा तेल्हाऱ्याला सासरी गेली. पुढे कॉलेजात वसंताचा सत्कार झाला. भाषणात त्याने कमजोर उत्तरांची तीच गोष्ट सांगितली, अगदी शुद्ध भाषेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. माझे हात मांडीवरच राहिले.

तेरवीला त्याच्या खोलीत गेले. मी आले की तो कितीही कामात असो, खुर्चीवरून उठायचा, "बस ताई" म्हणायचा आणि स्वतः खाली सतरंजीवर बसायचा. एवढा मान त्याने मला मरेपर्यंत दिला, नाही म्हणणार नाही... खुर्ची टेबलाशी तशीच होती. शोभा दाराला धरून उभी होती. आता तिचेही केस पिकले. मी तिला खुर्ची दाखवली. ती बसली, पण टोकावर, कोणी आत्ता ये म्हणून हाक मारेल तशी.

"नीट टेकून बस, शोभे," मी म्हटलं. "उठवणारा गेला."