एका छपराखालची पोटगी

ओडीलिया माझी वहिनी. कागदोपत्री नव्हे, पण मी तिला वहिनीच म्हणत आले. मधे एकदा ती म्हणाली होती, "झुल्मिरा, आता मी तुझी वहिनी राहिले नाही." मी विचारलं, "मग काय म्हणू?" तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "सुचलं की सांगते." तिला काही सुचलं नाही.

माझा थोरला भाऊ डेलमार सिल्वेरा याची कॅलिफोर्नियातल्या गस्टीन गावाबाहेर डेअरी होती. आमच्याकडे निम्म्या गावाची असते. आमचे वडील पोर्तुगालच्या तेर्सेरा बेटावरून आले ते दुसऱ्याच्या गाई पिळायला, आणि म्हातारपणी स्वतःचा गोठा डेलमारच्या हवाली करून गेले. ओडीलिया लग्न होऊन आली तेव्हा सून म्हणून तिनं वासरांना बाटलीनं दूध पाजण्यापासून सगळं केलं. मग मुलगी झाली, मार्लीन. गावात घर घेतलं. डेलमार पहाटे डेअरीवर जायचा आणि रात्री परतायचा. तीस वर्षं असंच चाललं.

मग तो परतेनासा झाला. भांडण नाही, दुसरी बाई नाही. गाई विण्याच्या दिवसांत तो गोठ्याजवळच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या लहानशा घरात, झोपायचा, ती त्याची जुनी पद्धत. एका वर्षी तो हंगाम संपला आणि हा तिथंच राहिला. रविवारी चर्चमधून थेट घरी यायचा, जेवायचा, नळ गळत असला तर दुरुस्त करायचा आणि जायचा. मी एकदा वहिनीला विचारलं, "अगं, तू त्याला काही विचारत नाहीस?"

"काय विचारू? भूक लागली की येतो."

"आणि तुला?"

"मला काय झालंय?"

खरंच, तिच्याकडे बघून काही कळायचं नाही. गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती कामाला लागली होती. यायची, अंगावरचा ॲप्रन न काढता टीव्हीसमोर बसायची. टीव्ही कधी लावलेला असे, कधी नसे.

दीड वर्ष असं गेलं. २०१८ च्या नोव्हेंबरात एका रविवारी मीही जेवायला होते. डेलमारनं ताटातलं मटण संपवलं, पाव रश्शात बुडवून खाल्ला, आणि मग म्हणाला, "माझ्या हिशेबनिसाचं म्हणणं आहे की करायचं असेल तर वर्ष संपायच्या आत करा."

"काय करायचं?" मी विचारलं.

"कागदावर वेगळं व्हायचं. कायदा बदलतोय. आत्ता सही झाली तर मी हिला जी पोटगी देईन ती माझ्या उत्पन्नातून वजा होईल. जानेवारीत झाली तर वॉशिंग्टनवाले एक डॉलरही वजा करू देणार नाहीत."

"दादा, पण करायचं आहे असं कुणी म्हटलं?"

तो माझ्याकडे बघेना. "कधीतरी करावंच लागेल ना. किती दिवस असं लोंबकळायचं? गोठ्यावरचं कर्जही मग हिच्या डोक्यावर राहणार नाही."

ओडीलियानं त्याचं ताट उचललं. "अजून वाढू का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "थोडं." तिनं वाढलं.

मी त्या दिवसापासून कितीतरी वेळा विचार केलाय, की त्या हिशेबनिसानं तोंड उघडलं नसतं तर काय झालं असतं. बहुतेक काहीच नाही. तो रविवारी येत राहिला असता. पण तारीख ठरली की माणूस हलतो, आणि डेलमारला आयुष्यात नेहमी दुसऱ्या कुणीतरी तारीख ठरवून द्यावी लागायची.

नाताळ होऊन गेल्यावर जवळच्या टरलॉक शहरात वकीलबाईंकडे जायचं ठरलं. मी वहिनीला गाडीनं घेऊन गेले. बाहेर बसायला जागा नव्हती. त्या आठवड्यात सगळ्या जिल्ह्यालाच घाई झाली असावी. एका जाड्या माणसानं शेजारच्याला विचारलं, "तुमचंही एकतीसच्या आतलंच का?" तो म्हणाला, "हो. दहा वर्षं बायकोनं सांगून ऐकलं नाही, सरकारनं सांगितल्यावर लगेच आलो." तीन-चार जण हसले. डेलमार कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, तोही हसला. ओडीलिया भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

वकीलबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. जुन्या कायद्यात पोटगी देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होते आणि घेणारीच्या उत्पन्नात धरली जाते. कर तिनं भरायचा. नव्या वर्षापासून ज्यांची सही होईल, त्यांच्याबाबतीत केंद्राचा कर पोटगीकडे बघणारच नाही. देणाऱ्याला सूट नाही, घेणारीला कर नाही. कॅलिफोर्निया राज्यानं मात्र आपला कायदा बदललेला नाही. राज्याच्या कराला जुनीच रीत.

ओडीलियानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी आठवडाभर थांबले, तर वॉशिंग्टनला काही द्यावं लागणार नाही."

"नाही. सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्याला, द्यावं लागेल."

"आणि आज सही केली तर दोघांनाही."

"हो. म्हणून तर सिल्वेरा महिन्याचा आकडा वाढवून देतायत. तुम्हाला दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यायचा असेल तर..."

"पेन द्या," ओडीलिया म्हणाली.

परत येताना मी गाडीत न राहवून विचारलं, "का केलीस सही? निदान थांबायचंस तरी."

खिडकीबाहेर बदामाच्या बागा होत्या, पानं झडलेल्या. ती म्हणाली, "तो टोपी घालून उठला होता गं. त्याला दूध काढायला परत जायचं होतं."

उन्हाळ्यात कोर्टाचा निकाल आला. डेलमार रविवारी यायचा थांबला. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. मलाच तो म्हणाला, "आता बरं दिसत नाही." त्याच्याऐवजी महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेतून पैसे यायला लागले.

पहिल्या वर्षी तिनं कराकरता काही बाजूला काढून ठेवलं नाही. सांगितलं नव्हतं असं नाही, पण सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. नोकरी करणाऱ्याचा कर पगारातून परस्पर कापला जातो; पोटगीतून कुणी कापत नाही. टरलॉकला शमीरन म्हणून एक अश्शूरी, म्हणजे इराककडच्या ख्रिस्ती, बाई आहेत, आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांचा कर त्या भरतात. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ओडीलिया, यातलं शिल्लक किती आहे?"

"थोडं आहे."

"दर तिमाहीला आगाऊ भरायचं असतं. वॉशिंग्टनला वेगळं, राज्याला वेगळं. मी लिहून देते, फ्रिजवर लावा."

तिनं फ्रिजवर लावलं. पहिल्या वर्षाची रक्कम हप्त्यांनी फेडली. त्यासाठी वृद्धाश्रमात रविवारचंही काम घेतलं. मी म्हटलं, "रविवारी तरी घरी रहा." ती म्हणाली, "रविवारी घरी काय करू?"

ती वर्षं तिची कशी गेली ते मला सांगता येणार नाही, कारण तिलाही सांगता आलं नसतं. मार्लीन ओरेगॉनहून फोन करायची, "आई, कशी आहेस?" ही म्हणायची, "जेवले." एकदा तिच्या हातावर कढईतलं तेल उडालं, मोठा फोड आला. मी बघून कळवळले. ती त्या हाताकडे असं बघत होती, जणू तो टेबलावर पडलेला कुणाचा तरी हात होता.

२०२२ च्या शरद ऋतूत डेलमारला झटका आला. दूध न्यायला आलेल्या टँकरवाल्याला तो गोठ्याच्या दाराशी पडलेला सापडला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. गाई विकाव्या लागल्या; जमीन भाड्यानं गेली. इस्पितळातल्या बाईंनी विचारलं, घरी कोण आहे? ट्रेलरला चार पायऱ्या, दार अरुंद, चाकाची खुर्ची आत जाणार नाही. माझं घर दुसऱ्या मजल्यावर. मार्लीन आली होती, ती नर्सिंग होमच्या जागा बघत होती.

ओडीलिया कामावरून तशीच आली होती, ॲप्रन पिशवीत कोंबून. म्हणाली, "मागची खोली रिकामी आहे."

मार्लीन म्हणाली, "आई, बाबा आता तुझे कुणी लागत नाहीत."

"खोली रिकामी आहे एवढंच म्हणतेय मी."

असा तो परत आला. ती त्याला उठवायची, अंघोळ घालायची, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना घालतात तशीच, न घाई, न माया. निदान बघणाऱ्याला माया दिसत नसे. तो कधी चिडायचा, डाव्या हातानं ताट ढकलायचा. ती ताट परत पुढे करायची. पहिल्या तारखेला त्याच्या खात्यातून तिच्या खात्यात पोटगी येतच राहिली. कोर्टाचा हुकूम होता, आणि बँकेला झटक्याचं काय माहीत. एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत जायचे ते पैसे. त्यातून ती त्याचे डायपर आणायची.

पुढच्या वसंतात ती दोघांचाही कर भरायला शमीरनबाईंकडे गेली, मी बरोबर होते. बाईंनी पत्ते बघितले. परत बघितले.

"डेलमार तुमच्याकडे राहतात?"

"हो. ऑक्टोबरपासून."

"एकाच घरात? स्वयंपाक एकच?"

"दुसरा कशाला करू?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हापासूनचे पैसे पोटगी नाहीत. घटस्फोट झालेले दोघं एका घरात राहत असतील तर कर खातं त्याला पोटगी धरत नाही. त्यांना वजा करता येणार नाही, तुम्हाला दाखवावे लागणार नाहीत. वॉशिंग्टनलाही नाही आणि यावेळी सॅक्रामेंटोलाही नाही."

"कोर्ट तर पोटगीच म्हणतं."

"कोर्ट म्हणू दे. कराच्या लेखी नाही."

"मग काय आहे ते?"

शमीरनबाईंनी खांदे उडवले. "काहीच नाही. घरातले पैसे." मग जरा गमतीनं म्हणाल्या, "लग्न करून टाका. एकत्र भरलंत तर कर बराच कमी बसेल."

मी हे मार्लीनला फोनवर सांगितलं, आणि तिनं ते मनावर घेतलं. इस्पितळाचा विमाही सोपा होईल, वगैरे. बापाला पटवलं तिनं. ईस्टरच्या सुट्टीत ती आली होती, मीही होते. जेवण झालं. डेलमारनं तोंड पुसलं, आणि एकेक शब्द ओढत म्हणाला, "शमीरन म्हणते. लग्न केलं तर. कर वाचेल."

ओडीलियाचा हात टेबल पुसता पुसता थांबला. एवढ्या वर्षांत तिचा हात असा थांबलेला मी पाहिला नव्हता.

"डेलमार," ती म्हणाली, "कर वाचवायला म्हणून मोडलं. आता कर वाचवायला म्हणून जोडायचं?"

"आई, बाबांचं म्हणणं तसं नाही," मार्लीन म्हणाली.

"मग कसं आहे? त्याला सांगू दे."

तो सांगू शकला नाही. तोंड उघडलं, मिटलं. आधीही त्याला जमलं नव्हतं, तेव्हा तर जीभ धड होती. मग तो म्हणाला, "बरं." ओडीलियानं उरलेलं टेबल पुसलं. मग त्याची खुर्ची खिडकीपाशी नेली, कारण त्या वेळेला तो खिडकीपाशी बसायचा.

नंतर भांडी धुताना मी हळूच विचारलं, "त्यानं दुसरं काही म्हटलं असतं तर?"

"काय माहीत," ती म्हणाली. "कदाचित मला ऐकूसुद्धा आलं नसतं."

पुढचा हिवाळा संपता संपता डेलमार गेला, दुसऱ्या झटक्यात, झोपेत. दफनाची व्यवस्था बघणारा मुलगा घरी आला, मृत्यूच्या दाखल्यासाठी माहिती विचारू लागला. विवाहित की घटस्फोटित? मी वहिनीकडे बघितलं. तीच म्हणाली, "घटस्फोटित लिही." स्वच्छ आवाजात म्हणाली.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर मार्लीन आणि मी बसलो. मी सरकून जागा केली, मागे वळून खूण केली. तिनं मान हलवली आणि चौथ्या बाकावर वृद्धाश्रमातल्या बायकांबरोबर बसली. पाद्रीबाबांनी कुटुंबाचं सांत्वन केलं ते आम्हा दोघींकडे बघून. नंतर हॉलमध्ये लोकांना सूप आणि मटण वाढायला मात्र तीच उभी होती. लोक ताट घेताना म्हणायचे, "ओडीलिया, वाईट झालं," आणि ती म्हणायची, "पुदिना घालू का वरून?"

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, पलंग इस्पितळाला परत गेलेला, फरशीवर चाकांचे ओरखडे. मी विचारलं, "रडलीस का गं कधी?"

"नाही अजून," ती म्हणाली. "तू?"

"मी पुष्कळ."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाव कापायला उठली.