तो गळ, ती गळ

यंदाच्या गणपतीत देवासच्या मराठी मंडळींत मोदकांपेक्षा एक बातमीच जास्त वाटली गेली. माझ्या आजोबांनी, अण्णांनी, म्हणे कुक्षीपलीकडच्या धरणाच्या बॅकवॉटरमध्ये ट्राउट मासा पकडला आणि पिशवीत घालून थेट सोवळ्याच्या घरात आणला. आरतीच्या गर्दीत तो मासा दहा किलोचा होता, प्रसादाच्या रांगेत वीसचा झाला आणि विसर्जनापर्यंत अण्णांनी तो तळून खाल्लासुद्धा होता.

आता खरं ऐका. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. नर्मदेच्या साठलेल्या कोमट पाण्यात तो जगायचाच नाही. शिवाय अण्णांनी आजवर एकही मासा पाण्याबाहेर काढलेला नाही. काढणार कसा? त्यांच्या दोरीला काटाच नसतो.

अफवा जन्मली ती माझ्या आतेभावाच्या, अंशुलच्या, व्याकरणातून. विद्युल्लताआत्या फोनवर कुणाला तरी म्हणाली, "अण्णा आईला किती वर्षं गळ घालतायत, ती बधेल तर शपथ!" ती गळ म्हणजे विनवणी. तो गळ म्हणजे मासा धरायचा काटा. अंशुलची शाळा हिंदी. त्याला ती काय नि तो काय. तो तडक चौकात गेला आणि माळवी थाटात, भैयाचा 'भिया' करत, ओरडला, "भिया, अपने अण्णा ने तो गळ डाल दिया!" मासा कुठला, ते फ्रिजवरच्या पाकिटावर छापलेलंच होतं.

ते पाकीट अंबरीशकाकाचं. अंबरीश हा अण्णांचा पुतण्या, अमेरिकेत असतो आणि तिथल्या खोल जलाशयांत ट्राउट धरतो. तीन उन्हाळ्यांपूर्वी तो आला तेव्हा त्यानं काकांसाठी एक काठी आणि मऊ रबरी अळ्यांचं पाकीट आणलं. अण्णा कारखान्यातून निवृत्त होऊन घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. काहीतरी नाद हवा म्हणून काका-पुतणे कुक्षीच्या बाजूला गेले. नाववाला चिंटू. नाव चिंटू असलं तरी वय पंचावन्न आणि मिशा पांढऱ्या.

अंबरीशनं शिकवलं, "शिशाच्या मण्याला जोडलेल्या काट्यात अळी ओवायची. नाव थांबवायची, आणि सरळ खाली सोडायची, तळ लागेपर्यंत. मग काठीचं टोक हातभर उचलायचं, आणि सोडून द्यायचं. काका, ओढताना मासा लागत नाही हां. सोडताना लागतो."

अण्णांनी दोरी बोटावर धरली आणि शिसं सोडलं. किती तरी वेळ ते नुसतं खालीच जात राहिलं. मग बोटाला लागलं: टक्.

"दगड आहे," अंबरीश म्हणाला. "पुढे घेऊ नाव."

अण्णा हललेच नाहीत. तो दगड कशाचा असेल, हे त्यांनी ओळखलं होतं. खाली गाव होतं. कल्पनाचं माहेर.

कल्पना म्हणजे माझी आजी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते सगळं गाव बुडालं. तिथंच अण्णा मुंडावळ्या बांधून आले होते. घाटाखाली वाळूत कलिंगडांचे वेल होते आणि फळं गार व्हायला काठच्या पाण्यात ठेवलेली असत, ओल्या धोतरात बांधून. पाय धुवायला उतरताना नवरदेव खचलेल्या पायरीवर असा अडखळला की सगळा घाट खो खो हसला. सर्वांत मोठ्यानं हसली ती नवरी. ते हसू अण्णांनी चाळीसएक वर्षं जपून ठेवलंय. पण पाणी चढल्यापासून आजी कुक्षीच्या पुढे गेलेली नाही. माहेरचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

पहिल्या दिवशी काटा बुडालेल्या बाभळीत अडकून तुटला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पक्कड घेतली आणि राहिलेले सगळे काटे कापून टाकले.

अंबरीश कळवळला. "काका, आता मासा धरणार कसा?"

"मासा हवाय कुणाला रे भिया?"

तेव्हापासून दर महिन्याला अण्णा तिकडे जातात, काठी उचलतात, सोडतात, आणि परत आले की गळ घालतात.

"एकदा चल. नुसती नावेत बस."

आजीचं उत्तर ठरलेलं. ते मला इतकं पाठ आहे की माझ्या नकलेला अंशुल एकदा फोनवर फसला होता. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि आवाज पेशव्यांच्या दफ्तरातून आल्यासारखा: "आम्हांस तो देखावा पाहावयाचा नाही. आपण जाऊन यावे."

या कोजागिरीला अण्णांची गळ पुन्हा वाया गेली तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, सोडून द्या. आजी काही येत नाही. लावा पैज."

"लाव की. काय लावतेस?"

"मी जिंकले तर अंबरीशकाकाची काठी माझी."

"आणि मी जिंकलो, तर महिनाभर तोंडातून माझी नक्कल काढायची नाही. 'रे भिया'सुद्धा नाही."

मी हसून टाळी दिली. काठी माझ्या खोलीत कुठं ठेवायची तेही ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे होते. आजी बशांवर शेव पेरत होती.

"घाट सापडला बरं का," अण्णा पोह्यांकडे बघत म्हणाले. "काय बांधकाम! सगळ्या पायऱ्या एकसारख्या, सरळ खाली."

मी घास घेता घेता थांबले. खचलेल्या पायरीची गोष्ट तर त्यांनीच मला शंभरदा सांगितलेली!

अण्णांनी विषय तसाच सोडून दिला आणि पेपर उघडला.

शेव पेरणारा हात थांबला.

"एकसारख्या?"

"हूं."

"मधली खचलेली आहे. आपण स्वतः तिथे पडला होतात."

"असेल बुवा. मला तर सरळच लागल्या."

"सरळ कशा लागतील! तो वरच्या आळीचा घाट! आमचा टेकडीच्या नाकासमोर. तीन वर्षं परक्याच्या दारात टकटक करीत बसलात? काय म्हणतील लोक!"

अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

"त्या चिंटूला फोन करा," आजी म्हणाली. "मी दाखवते."

नावेत ती आधी पाण्याकडे पाठ करून बसली. "काकीजी, संभाल के," चिंटू म्हणत राहिला. इंजिन बंद झालं तशी तिनं हळूच मान वळवली, आणि मग तिचं बोटच सुरू झालं. "डावीकडे. आणखी. टेकडीचं नाक बघ ना रे! हां, बस."

अण्णांनी काठी तिच्या हातात दिली. "उचल. आता सोड. सोड गं, धरून ठेवू नकोस."

टक्. चिंटूनं नाव जरा सरकवली. टक्, थोडं खोल. टक्, आणखी खोल. मग शिसं पडलं ते पडतच गेलं. अण्णांचा हात काठीकडे गेला, पण आजीनं नुसती भुवई उचलली.

टक्.

"ही," ती म्हणाली.

अण्णांना राहवेना. त्यांनी काठी घेतली आणि खात्री करायला पुन्हा उचलून आपटली, जोरात.

"अहो, हळू," आजी म्हणाली. "दुपारची वेळ. आई आत्ताच कुठं आडवी झाली असेल."

चिंटूनं मान खाली घातली. अण्णांनी दोरी इतकी हळू उतरवली की खाली टेकली ते आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. आजी मात्र पाण्याकडे बघत होती, आणि हसत होती, ती नवरी हसली असावी तशी.

परतीच्या वाटेवर अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ओढताना नाही लागत. सोडताना लागतो. काय रे भिया?"

ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायला माझी जीभ नुसती वळवळतेय. पण पैज म्हणजे पैज, आणि महिना अजून सरायचाय. तोंडातून काढायची नाही, असं ठरलं होतं. लिहायची नाही, असं काही अण्णा म्हणाले नव्हते.