टिटवी उडत नव्हती

सुट्टीच्या दिवशी मी उडत्या पक्ष्यांचे फोटो काढतो. आठवडाभर वणीच्या कोळशाच्या धुळीत नोकरी केल्यावर वर बघायला बरं वाटतं. पक्ष्याचे पाय जमिनीवरून सुटले, की आपणही कुणाचे काही लागत नाही असं क्षणभर वाटायचं. पन्नाशीत तेवढंही पुष्कळ असतं.

मे महिन्यात मी गावी, बोरी अरबला होतो. तांड्याजवळच्या रिकाम्या वावरात एक टिटवी सारखी उठत होती. डोक्यावर घिरट्या घालायची, अंगावर झेपावायची, पुन्हा वर जायची. इतक्या जवळून ती मला कधी मिळाली नव्हती. ती खाली उतरली, की मी दोन पावलं पुढे टाकायचो. आठपासून साडेअकरापर्यंत मी हेच केलं.

तेवढ्यात वावराचा मालक वखर घेऊन आला. तांड्यातलाच, माझ्याच वयाचा.

"काय काढून राह्यले, भाऊ?"

"टिटवी. उडतानाचा फोटो."

"ते कुठी उडून राह्यली? ते तुमाले हाकलून राह्यली. पायापाशी पाहा."

ढेकळांत चार अंडी होती, ढेकळांच्याच रंगाची.

"उन्हात अंडे उकडू नये म्हणून ते सावली करून उभी रायते. कव्हापासून उभे आहा तुमी?"

"आताच आलो," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. सगळं वावर वखरून झालं होतं, मधोमध खाटेएवढा तुकडा त्याने तसाच सोडला होता. टिटवी नव्हती. अंडी चारही होती, मुंग्या लागलेली. बांधावरून तो येताना दिसला. मी अंडी रुमालात गुंडाळून कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकली.

त्याने वाकून रिकामी जागा पाहिली. "पिल्ले गेले वाटते. अंड्यातून निघाले का पळतेच ते. तुमाले दिसले का?"

"हो."

"किती?"

"चार."

तो हसला. "बायको मले रोज टोमणे मारे, वावर टिटवीच्या नावानं करून टाक म्हणे. आता सांगतो तिले, चारी जगले म्हणून."

तो तुकडा वखरायला बैल आणतो म्हणून तो तांड्याकडे वळला. मी बॅग पोटाशी धरून उभा होतो, आत अंडी फुटू नयेत म्हणून.